अमेरिकेंतील कनिष्ठ महाविद्यालयांचीं बेसबॉल-मंडळें : साधनांचा विचार

राजघराण्यांचे व सरदारांचे कागद जपावे, ही जाणीव आतां सर्वत्र रुजली आहे. शाळा, आखाडे व क्रीडामंडळें यांचे कागद मात्र अद्याप रद्दींत जातात. अशा कागदांवरून किती निश्चित इतिहास सिद्ध होतो, हें दाखविण्यासाठीं प्रस्तुत लेखांत अमेरिकेंतील एक उदाहरण घेतलें आहे.

प्रथम परिभाषा सांगितली पाहिजे. हायस्कुलापुढील पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण देणाऱ्या संस्थेस अमेरिकेंत ज्युनिअर कॉलेज, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, असें म्हणत. हल्लीं कम्युनिटी कॉलेज हें नांव अधिक रूढ आहे. अशा सार्वजनिक संस्थांत आद्य मानलेलें जोलिएट (इलिनॉय) येथील कॉलेज इ. स. १९०१ त निघालें. कॅलिफोर्नियांत १९०७ च्या कायद्यानें वाट मोकळी झाली आणि १९१० त फ्रेस्नो येथें त्या प्रांतांतील पहिलें कॉलेज सुरू झालें. सामन्यांचें वेळापत्रक, खेळाडूंची पात्रता व विजेतेपद हीं ठरविण्यासाठीं शेजारपाजारचीं कॉलेजें जें मंडळ स्थापितात, त्यास कॉन्फरन्स ही संज्ञा आहे.

या मंडळांच्या इतिहासास एक स्वाभाविक अडचण आहे. विद्यार्थी कॉलेजांत दोनच वर्षें राहतो; त्यामुळें दर दोन वर्षांनीं सगळा संघ नवा होतो. जुन्या खेळाडूनें नव्यास आठवणी सांगाव्या, तर तेवढा सहवासही घडत नाहीं. अर्थात् तोंडी परंपरा येथें फार लवकर तुटते, आणि कागद गेला कीं इतिहासही गेला.

इ. स. १९३८ च्या मे महिन्यांतील दोन दिवस या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. ता. ७ मे रोजीं पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजचा विद्यार्थी जॅकी रॉबिन्सन यानें सकाळीं लांब उडींत २५ फूट ६½ इंचांची मजल मारून आपला वडील बंधु मॅक याचा विक्रम मोडला. हा मॅक म्हणजे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकांत २०० मीटरच्या शर्यतींत दुसरा आलेला धांवपटु होय. त्याच दिवशीं दुपारीं जॅकी ग्लेंडेल येथें आपल्या कॉलेजच्या बेसबॉल संघांतून खेळला. पुढें ता. १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिन डॉजर्स संघांतून उतरून त्यानें वरिष्ठ व्यावसायिक बेसबॉलमधील कृष्णवर्णीयांवरील दीर्घकालीन बंदी मोडली, हें सर्वश्रुत आहे.

ग्लेंडेलच्या सामन्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, ता. १४ मे १९३८ रोजीं, फ्रेस्नो येथें राष्ट्रीय ज्युनिअर कॉलेज क्रीडासंस्था स्थापन झाली. कॅलिफोर्नियांतील १३ कॉलेजांनीं वरिष्ठ महाविद्यालयांच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेंत भाग घेण्याची परवानगी मागितली होती; तो अर्ज नाकारला गेला, हें या स्थापनेचें कारण. संस्थेची पहिली मैदानी स्पर्धा १९३९ त सॅक्रामेंटो येथें झाली. १९४९ त देशाचे १६ विभाग पाडण्यांत आले. बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९५८ त, ओक्लाहोमांतील मायामी या गांवीं प्रथम भरली, आणि १९५९ पासून ती कोलोरॅडोंतील ग्रँड जंक्शन येथें भरूं लागली. म्हणजे स्थानिक मंडळांचा खेळ आधीं व अखिल राष्ट्राची स्पर्धा फार मागाहून, असा हा क्रम आहे. आधींच्या काळाचा इतिहास त्यामुळें स्थानिक कागदांतच शोधला पाहिजे.

हे कागद म्हणजे मंडळाचे ठराव, वेळापत्रकें, कॉलेजचीं वार्षिकें, विद्यार्थ्यांचीं वृत्तपत्रें व सामन्यांचीं गुणपत्रकें. पैकीं गुणपत्रकाची विश्वसनीयता त्याच्याच पोटांतून तपासतां येते. फलंदाजीस आलेल्या प्रत्येक गड्याची गति तीनच प्रकारची असते : तो धांव पुरी करतो, बाद होतो, किंवा पाळी संपतांना तळावर अडकून राहतो. म्हणून एका संघाच्या फलंदाजीच्या सर्व पाळ्यांची बेरीज ही धांवा, बाद गडी व तळांवर उरलेले गडी यांच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे. उदाहरणार्थ, २७ बाद, ५ धांवा व ८ उरलेले, तर पाळ्या ४० हव्या. जमाखर्चाचा ताळा पाहावा तसाच हा प्रकार. ताळा चुकला तर नकलेंत अगर छपाईंत दोष आहे हें निश्चित समजावें. ताळा जमला म्हणजे मात्र सर्व नोंदी खऱ्या ठरल्या असें नव्हे; एकाची धांव दुसऱ्याच्या नांवावर पडली तरी बेरीज कायमच राहते.

कालनिर्णयांत व नामनिर्णयांतही सावधगिरी हवी. बेसबॉल वसंतांत खेळतात. म्हणून १९३७-३८ या शैक्षणिक वर्षाचा हंगाम १९३८ चा धरावा. राष्ट्रीय संस्थेच्या स्थापनेचें वर्ष कोठें १९३७, कोठें १९३८ असें आढळतें. पहिल्या वर्षीं कल्पना निघाली व दुसऱ्या वर्षीं घटना मंजूर झाली, इतकाच त्यांतील भेद. तसेंच १९५८ चें अजिंक्यपद मिळविणारें कॅमेरॉन स्टेट ॲग्रिकल्चरल कॉलेज आज कॅमेरॉन विद्यापीठ आहे, आणि पॅसाडीना ज्युनिअर कॉलेजचें नांव आतां पॅसाडीना सिटी कॉलेज असें आहे. केवळ आजच्या नांवांनीं शोध घेणाऱ्यास जुने कागद हातीं लागणार नाहींत.

संग्राहकांस एक विनंति आहे. प्रसिद्ध खेळाडूचें चित्र असलेलें पान वार्षिकांतून कापून घेतलें, तर त्या पानास किंमत येईल. पण त्याच्यासह खेळलेल्या आठ गड्यांचा, प्रतिपक्षाचा व त्या वर्षीच्या मंडळाचा पुरावा त्याच कात्रीनें तुटेल. रॉबिन्सनचें चरित्र लिहिणारे पुष्कळ झाले. त्या इतरांस मात्र ह्या कागदांवांचून दुसरा साक्षी नाहीं. तरी असें दप्तर हातीं आल्यास तें न फोडतां, मूळच्या क्रमानें, अखंड ठेवावें.