मेनफ्रेमवरचा पोस्टग्रेस

अभियांत्रिकी शिकलेली कोल्हापूरची अनेक मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. तिथे काहींच्या वाट्याला मेनफ्रेम येतो: कोबॉल, जेसीएल, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे रात्रभर चालणारे बॅच जॉब. काही जण पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसकडे वळतात. त्या डेटाबेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे कार्यालय पुण्यातच आहे. मेनफ्रेम म्हणजे जुनी दुनिया, पोस्टग्रेस म्हणजे नवी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. पोस्टग्रेस आज मेनफ्रेमवर उत्तम चालतो. तो तिथे कसा पोहोचला हे पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट कळते: हिशेब ठेवण्याची विद्या एकाच कंपनीच्या यंत्राला बांधून ठेवण्याची गरज नसते.

आधी यंत्राची ओळख. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. आजचे आयबीएम मेनफ्रेम तिचेच थेट वारस आहेत. २०२२ मध्ये आलेल्या झेड१६ या यंत्रात कामासाठी २०० पर्यंत कोर आणि ४० टेराबाइटपर्यंत मेमरी मिळते. पण त्याचे खरे बळ निव्वळ वेगात नाही. डिस्क आणि नेटवर्कशी होणारी देवाणघेवाण सांभाळायला त्यात वेगळे प्रोसेसर असतात, त्यामुळे मुख्य प्रोसेसर व्यवहारांसाठी मोकळे राहतात. एखादा कोर बिघडला तर राखीव कोर त्याचे काम उचलतो. ज्या संस्थेला एक मिनिटही व्यवहार थांबवणे परवडत नाही, ती या गुणांसाठी पैसे मोजते.

डेटाबेसची विद्याही याच यंत्रांच्या सहवासात वाढली. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून आयएमएस हा डेटाबेस घडला. १९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची संबंधात्मक पद्धत सुचवली. त्या विचारावरून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत मायकेल स्टोनब्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी इंग्रेस आणि पुढे १९८६ पासून पोस्टग्रेस उभा केला. आयबीएमचा डीबी२ मेनफ्रेमवर आला तो १९८३ मध्ये. म्हणजे डीबी२ आणि पोस्टग्रेस एकाच विचाराची लेकरे. एक कंपनीच्या घरात वाढले, दुसरे विद्यापीठातून बाहेर पडून सगळ्यांचे झाले. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले.

कंपनीच्या घरात वाढलेल्या तंत्राचा धोका काय, हे भारताने अनुभवले आहे. परकीय भांडवलाच्या नव्या कायद्यावरून सरकारशी मतभेद झाले आणि १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली. त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी ती निभावली. आयबीएम परतली ती १९९२ मध्ये, टाटांशी भागीदारी करून. मधल्या काळाचा धडा साधा होता. यंत्र विकणारा निघून गेला तरी काम चालू ठेवायचे असेल, तर आतली विद्या आपल्या हाती असावी लागते.

मेनफ्रेमची दारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला उघडली ती १९९९ मध्ये. जर्मनीतल्या बोब्लिंगेन येथील आयबीएमच्या अभियंत्यांनी लिनक्स एस/३९० या मेनफ्रेम यंत्रांवर चालेल असे बदल तयार केले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात ते सर्वांसाठी खुले झाले. पाठोपाठ २००० मध्ये फक्त लिनक्ससाठी राखलेला आयएफएल नावाचा प्रोसेसर आला. तो इतर कोरसारखाच असतो, पण त्यावर झेड/ओएस ही आयबीएमची पारंपरिक कार्यप्रणाली चालत नाही. त्यामुळे तो स्वस्त पडतो आणि झेड/ओएसवरच्या सॉफ्टवेअरचे परवानाशुल्कही त्याने वाढत नाही. २०१५ मध्ये आयबीएमने केवळ लिनक्स चालवणारा लिनक्सवन हा मेनफ्रेम आणला, तेव्हा त्यावर चालणाऱ्या डेटाबेसांत पोस्टग्रेस, मारियाडीबी आणि मोंगोडीबी यांची नावे पुढे होती.

पोस्टग्रेस मुख्यतः सी भाषेत लिहिला आहे. त्यामुळे त्याचा बहुतेक सगळा स्रोत जसाच्या तसा नव्या यंत्रावर कंपाइल होतो. यंत्रागणिक बदलतात त्या मोजक्या जागा. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच नोंदीत हात घालू नयेत म्हणून जे कुलूप लावावे लागते, ते अशांपैकी एक. मेनफ्रेमवर हे काम ‘कंपेअर अँड स्वॅप’ ही सूचना करते, आणि ती पहिल्यांदा अवतरली तीच मुळी आयबीएमच्या सिस्टिम/३७० मध्ये. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या यंत्रांवर पोस्टग्रेसचा ताजा स्रोत सतत कंपाइल करून तपासतात. त्या ताफ्यात मेनफ्रेमही आहेत.

खरी कसोटी लागते ती माहिती हलवताना. आपल्या साध्या संगणकात मोठ्या संख्येचा सर्वांत लहान भाग मेमरीत आधी ठेवला जातो, मेनफ्रेममध्ये सर्वांत मोठा. एका दुकानाच्या वहीत रुपये आधी आणि पैसे नंतर, शेजारच्या वहीत उलट, असा हा प्रकार. म्हणून डेटाबेसच्या फायली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नुसत्या नकलून चालत नाही. पीजी-डंपने सगळी माहिती बाहेर काढायची आणि पलीकडे पुन्हा भरायची, किंवा लॉजिकल रेप्लिकेशनने दोन्ही यंत्रे काही काळ जोडून ठेवून मग कारभार हलवायचा. सूत्रे अशी सावकाश हलवली की व्यवहार फार थोडा वेळ थांबतात.

मराठी मजकुराचे काय होते? पोस्टग्रेस लिनक्सवर यूटीएफ-८ वापरतो. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांचा क्रम दोन्ही यंत्रांवर सारखाच राहतो. तरी एक खाच आहे. सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार साध्या इंटेल संगणकावर ऋण संख्याही धरतो, मेनफ्रेमवर फक्त धन. इंग्रजी अक्षरांना याने फरक पडत नाही. पण इंग्रजीबाहेरच्या लिप्यांसाठी काही विशिष्ट इंडेक्सचा अंतर्गत क्रम दोन यंत्रांवर वेगळा होऊ शकतो. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस यातली कोणती रीत चालू आहे याची नोंद ठेवू लागला.

नावांच्या अकारविल्हे यादीचा प्रश्न याहून जवळचा आहे. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ येतो ‘ल’च्या मागोमाग, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे नुसत्या बाइटांवर विसंबले तर ‘काळे’ हे नाव ‘कासार’च्या आधी लागते, आणि मराठी रीतीने ते नंतर यायला हवे. आयसीयू या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लायब्ररीत मराठी क्रम बांधलेला आहे आणि २०१७ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये तो वापरता येतो. सभासदांची मराठी यादी लॅपटॉपवर आणि मेनफ्रेमवर त्याच क्रमाने लागते ती त्यामुळे.

एखाद्या पतसंस्थेला मेनफ्रेम घेण्याची गरज नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिचा सगळा कारभार एका साध्या सर्व्हरवर सुखाने चालेल. पण तिथे चालणारा पोस्टग्रेस आणि जगातल्या सर्वांत मोठ्या व्यवहारयंत्रावर चालणारा पोस्टग्रेस एकच आहे. संस्था वाढली, यंत्र बदलले, पुरवठादार बदलला, तरी तक्ते, क्वेऱ्या आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण वाया जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी बँका, दूध संघ आणि साखर कारखाने सभासदांच्या पैशावर उभे आहेत. नवी संगणकप्रणाली घेताना त्यांच्या संचालकांनी पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारावा: उद्या तुम्ही नसाल, तर आमची माहिती आम्ही कशी बाहेर काढायची?

शिकणाऱ्यांसाठी तर वाट मोकळीच आहे. यंत्राच्या पोटात शिरण्याची हौस कोल्हापूरला जुनी आहे. बाबूराव पेंटर यांनी इथेच स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज घरच्या संगणकावर क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन त्यात मेनफ्रेमसाठीचा डेबियन लिनक्स बसवता येतो. तो संथ चालतो, पण प्रोसेसरची भाषा आणि बाइटांचा क्रम खऱ्या मेनफ्रेमचाच असतो. हर्क्युलिस नावाच्या अशाच मोफत सॉफ्टवेअरवर सत्तरच्या दशकातल्या परंपरेतली एमव्हीएस प्रणालीही चालवून पाहता येते. शिवाजी विद्यापीठाने आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हा विषय घ्यावा. पोस्टग्रेस मेनफ्रेमवर कंपाइल करणे, त्याच्या चाचण्या चालवणे आणि मराठी याद्यांचा क्रम पडताळणे एका सत्रात होण्यासारखे आहे. त्यासाठी परवाना लागत नाही, खर्चही नाही. लागतो तो फक्त शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा वेळ.