परवान्यावरची सही

कुंभकोणममधील काशीरामन रस्त्यावरच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. एकाच इमारतीत तीन शाळा, अरुंद जिना, वर वाळके छप्पर. पाहणीस गेलेल्या कोणाच्याही नजरेतून सुटावे असे यात काही नव्हते. दाखले मात्र मिळत राहिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, प्रत्यक्ष पाहणीनंतरच सुरक्षिततेचा दाखला द्यावा आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी, असे लेखी बजावावे लागले. (पाहणी हा शब्द आमच्या नियमावलीत आधीपासून होताच!) २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले, अकरा जण सुटले.

त्या अकरांविषयी मी कठोर बोलू शकत नाही. सेवेत असताना मीही एका गल्लीतील बांधकामाचा परवाना नकाशावरची रस्त्याची रुंदी वाचून मंजूर केला होता. पुढे एकदा तेथून पायी गेलो. दोन्ही बाजूंचे ओटे आणि गटारावरच्या फरश्या वजा जाता रस्ता निम्माच उरला होता. अग्निशमन बंब आत वळला नसता. इमारतीत तोवर माणसे राहू लागली होती.