आष्टी ते बीड : प्रवासाचा पहिला धडा



“दूरचा प्रवास कोणी केला आहे?” असे वर्गात विचारले, तर काय होते? मुंबई पाहून आलेला हात वर करतो, दिल्लीला मामाकडे राहून आलेला तर उभाच राहतो आणि बाकीची मुले खाली मान घालून बसतात. जणू किलोमीटर जितके जास्त, तितके शहाणपण जास्त! पण गाडी सुटताच झोपी जाणारा माणूस हजार किलोमीटर जाऊन आला, तरी तो पाहून काय येणार? उलट डोळे उघडे ठेवून बसणाऱ्याला एका दिवसाच्या एस.टी.च्या प्रवासातही कितीतरी मिळते. बीड जिल्ह्यातील आष्टी हे गाव आपण उदाहरणादाखल घेऊ आणि तेथून जामखेड-पाटोदामार्गे बीडला जाऊ.

निघण्यापूर्वी नकाशा उघडा. आष्टी शोधताना मात्र सावध राहा, कारण महाराष्ट्रात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. वर्धा जिल्ह्यात एक आहे, जालना जिल्ह्यात एक आहे. १८१८ साली बापू गोखले ज्या लढाईत पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील. आपली आष्टी बालाघाटच्या डोंगररांगांच्या दक्षिण बाजूला आहे. नकाशावर बोट ठेवून या भागातील ओढे कोणीकडे वाहतात ते पाहा. ते सीना नदीला मिळतात. सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते आणि भीमा पुढे कृष्णेला. म्हणजे आष्टीच्या एखाद्या पत्र्यावर पडलेला पावसाचा थेंब वाटेत आटला नाही, जमिनीत मुरला नाही, तर कृष्णेबरोबर समुद्राला जाणार.

आता गाडीत बसा. जामखेड येते आणि आपण बीड जिल्हा सोडून अहिल्यानगर जिल्ह्यात शिरतो. थोडे पुढे सौताडा लागते, तेव्हा पुन्हा बीड जिल्हा! माणसाने आखलेल्या सीमा अशा वळणावळणाच्या असतात. निसर्गाची सीमा अजून पुढेच आहे.

सौताड्याला विंचरणा नदी उंच कड्यावरून दरीत कोसळते. हा कडा नीट पाहा. तो एकसंध नाही, एकावर एक रचलेल्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. काही थर घट्ट आहेत, काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थर पाण्याने लवकर झिजतो, घट्ट थर टिकून राहतो आणि नदीला उडी मारावी लागते. (हे पाहण्यासाठी कड्याच्या टोकाशी जाण्याची मुळीच गरज नाही. पावसाळ्यात तेथील दगड शेवाळाने निसरडे होतात.)

विंचरणेचे पाणीही सीनेलाच जाते. पण सौताडा सोडून गाडी पाटोद्याकडे निघाली की एक विलक्षण गोष्ट घडते आणि गाडीतील कोणालाच ती कळत नाही. पाटोद्याच्या बाजूचे पाणी मांजरा नदीचे. मांजरा याच तालुक्यातील डोंगरात उगम पावते, सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. पुढे मांजरसुंब्याहून आपण बीडला उतरतो, तेथे बिंदुसरा आहे. ती सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. म्हणजे सौताडा आणि पाटोदा यांच्या दरम्यान कोठेतरी आपण एक अदृश्य रेषा ओलांडली! तिला जलविभाजक म्हणतात. त्या रेषेवर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक कृष्णेकडे जाईल, दुसरा गोदावरीकडे. दोघेही शेवटी आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरालाच मिळणार, पण अगदी वेगवेगळ्या वाटांनी.

ही रेषा शोधायची कशी? वाटेतील प्रत्येक पुलावर पाणी कोणत्या दिशेला वाहते ते वहीत लिहा. ओढा कोरडा असेल, तर वाळू व गोटे कोणीकडे पसरले आहेत ते पाहा. खिडकीजवळ बसून केलेल्या दहा-बारा नोंदी पुरतात.

दुसरी गंमत वेगाची. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या संख्येने भागा. ९० सेकंद लागले, तर वेग ताशी ४० किलोमीटर. ७२ लागले, तर ५०. घाटात आणि सपाटीवर मोजून तुलना करा. ज्यांना रेल्वेने जायचे आहे, त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग आहे. अहिल्यानगर ते आष्टी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोचली. बहुतेक स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ते आकडे क्रमाने टिपून आलेखकागदावर मांडा. तुम्ही ज्या प्रदेशातून गेलात, त्याचा छेद तुमच्या डोळ्यांपुढे येईल.

घरी आल्यावर नकाशा न पाहता वाट कागदावर काढून पाहा. हे वाटते तितके सोपे नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चालकांचे मेंदू तपासले. स्थळांची आठवण ठेवणाऱ्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा मागील अंश त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. ही पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. एका सहलीने मेंदू वाढतो, असा याचा अर्थ नव्हे. पण वाट लक्षात ठेवण्याचा सराव वाया जात नाही, एवढे खरे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आष्टी, पाटोदा, शिरूर या भागांतील पुष्कळ मुले म्हणतील, “प्रवासाचे आम्हांला काय सांगता? दसरा-दिवाळी झाली की आई-बापांबरोबर आम्ही ऊसतोडीला जातो.” ते खरेच आहे. हा प्रवास हौसेचा नाही. त्यात शाळा बुडते, थंडीत कोपीत राहावे लागते. त्याचे गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही. परंतु अशा मुलाने जे पाहिलेले असते, ते वर्गातील दिल्ली पाहून आलेल्या मुलानेही पाहिलेले नसते. त्याने भीमा ओलांडलेली असते, कृष्णेचे पाणी पंपाने उसात चढताना पाहिलेले असते. आपल्या थेंबाचीच ही दुसरी बाजू आहे. सांगली-कोल्हापूरच्या नद्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येतात, तेथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. आष्टी त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. ढग तेथे रिते होऊन इकडे येतात. एकाच कृष्णेच्या खोऱ्यात एका टोकाला ऊस उभा राहतो आणि दुसऱ्या टोकाची माणसे तो तोडायला जातात, याचे एक मोठे कारण हे आहे. असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात असेल, तर परत आल्यावर त्यांना भिंतीवरच्या नकाशापाशी उभे करा आणि वाट दाखवायला सांगा. हे काम तुमच्या गुरुजींनाही तितके चांगले जमणार नाही.

मग सुरुवात कशी करावी? पहिला प्रवास सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असा असावा. बरोबर घरातील मोठे माणूस हवेच, पण वेळापत्रक पाहणे, तिकीट काढणे, वाट विचारणे ही कामे तुम्ही करा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एस.टी.त अर्धे तिकीट पडते, हे वडिलांना आठवण करून द्या. वही, शिसपेन्सिल, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी यापलीकडे सामान नको. पाटोद्याच्या स्थानकावर एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारा, “बाबा, हा ओढा कुठं जातो?” परक्या माणसाशी बोलण्याची भीड एकदा मोडली की ती पुन्हा फारशी त्रास देत नाही. उत्तर वहीत लिहा आणि नकाशाशी ताडून पाहा. दोन्हींत फरक पडला, तर आजोबाच चुकले असे लगेच धरून चालू नका. नकाशात लहान ओढे बहुधा नसतातच.

परतताना मात्र गाडीत दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसा. जाताना अर्धाच रस्ता दिसलेला असतो.