वाघिणींची घट्ट मूठ

बालमित्रांनो, नागपूरचं कळमना म्हटलं की संत्र्यांचे ढीग आठवतात ना? तिथला बाजार प्रसिद्धच आहे. पण कळमन्याला रेल्वे स्टेशनही आहे, हावड्याकडे जाणाऱ्या मार्गावर. तिथून लांबच लांब मालगाड्या जातात. मालगाडीच्या डब्याला मराठीत काय म्हणतात, ठाऊक आहे? वाघीण! कोळशाच्या एका गाडीला अशा ५८-५९ वाघिणी असतात. भरलेली एक वाघीण सुमारे ८० टनांची. मग ही सगळी रांग एकत्र राहते कशी?

प्रत्येक वाघिणीच्या दोन्ही टोकांना एक पोलादी पंजा असतो. त्याला कपलर म्हणतात. तुमच्या उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकवा. समोरच्या मित्रालाही तसंच करायला सांगा. आता एकमेकांत अडकवून ओढा बरं! सुटतात का हात? कपलरचंही तसंच. दोन वाघिणी एकमेकींना टेकल्या की पोलादी बोट आत वळतं, आतला अडसर खाली पडतो आणि पकड पक्की होते. सोडवायची असेल तर बाजूला उभं राहून दांडा उचलायचा.

सर्वांत जास्त ओढ कोणत्या कपलरवर येते, सांगा पाहू! इंजिनामागच्या पहिल्यावर. कारण मागची सगळी गाडी तो ओढतो. शेवटच्या कपलरला मात्र एकच वाघीण ओढायची असते.

पूर्वी हे काम फार जोखमीचं होतं. अमेरिकेत कामगार सरकत्या डब्यांच्या मधे उभा राहून कडीत हाताने खिळा बसवायचा. कित्येकांची बोटं तुटली, कित्येकांचे जीव गेले. एली जॅनी यांनी १८७३ साली या पंजाचं पेटंट घेतलं. पण नवे कपलर बसवायचे म्हणजे खर्च आला! शेवटी १८९३ साली तिथं कायदा झाला, तेव्हा कुठे रेल्वे कंपन्यांना ते बसवणं भाग पडलं. म्हणजे बघा, नुसता शोध लागून भागत नाही. तो कामगाराच्या हातापर्यंत पोचावा लागतो.

आणि चालत्या गाडीत कपलर तुटलाच तर? डब्यांखालून हवेच्या दाबाची नळी गेलेली असते. गाडी तुटली की तीही सुटते, हवा निघून जाते आणि दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. ही नळी जोडायला मात्र आजही माणसाला दोन डब्यांच्या मधे जावं लागतं. गाडी हलणार नाही याची खात्री करूनच तो आत जातो.

पण फाटकाजवळ मालगाडी उभी दिसली की काही जण घाईघाईने कपलरखालून वाकून पलीकडे जातात. मुलांनो, असं कधीही करू नका, आईबाबांनाही करू देऊ नका. कपलरमध्ये थोडी ढिलाई असते. इंजिन हललं की खडखड करत हिसका एकेका डब्यातून मागे येतो. पळायला वेळच मिळत नाही.

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथं गेलात तर जुन्या डब्यांची टोकं नीट न्याहाळा. ते डबे एकमेकांना कसे जोडत असतील, ओळखता येतंय का बघा!