वचनाची साखळी

पुनरुत्थानाचा सण रविवारचा. तथापि दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतात चिविता, फ्राशिनेतो यांसारखी काही गावे अशी आहेत, की जेथे सणाचा आनंद मंगळवारी शिगेला पोहोचतो. त्या दिवशी गावच्या स्त्रिया जरतारी रेशमी पोशाख परिधान करून रस्त्यावर येतात. हातरुमालांची टोके एकमेकींच्या हाती देऊन त्या लांब साखळी करतात. दोन्ही टोकांस असलेले तरुण त्या साखळीला कधी वळसा देतात, कधी तिचे वेटोळे करतात. पावले संथ पडतात व मुखी पूर्वजांची गीते असतात. या नृत्यास ‘वाल्ये’ म्हणतात.

मध्येच ही साखळी एखाद्या परक्या पाहुण्यास वेढते. त्याने सर्वांस काही खाऊपिऊ घालावे, तेव्हाच त्याची सुटका! ही युद्धातील वेढ्याची आठवण होय, असे ग्रामस्थ सांगतात.

हे ग्रामस्थ मूळचे अल्बेनियाचे. त्यांचा वीरपुरुष जॉर्ज कास्त्रियोती ऊर्फ स्कंदरबेग याने १४४३ पासून पंचवीस वर्षे ऑटोमन तुर्कांशी झुंज दिली. ईस्टरच्या सुमारास त्याने मिळविलेल्या एका विजयाचे स्मरण या नृत्यात आहे, अशी परंपरा आहे. १४६८ साली तो निवर्तला, देश तुर्कांच्या हाती गेला आणि सहस्रावधी कुटुंबे समुद्र ओलांडून इटलीत आली. घरदार मागे राहिले. भाषा आणि उपासना मात्र त्यांनी सोबत आणली. आजही हे लोक पूर्वेकडील बिझंटाइन विधीने उपासना करतात आणि रोमशी एकनिष्ठ आहेत. १९१९ साली परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांच्यासाठी लुंग्रो येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला.

त्यांच्या गीतभांडारात कोन्स्तान्तीन नावाच्या भावाची कथा आहे. दूरदेशी दिलेल्या बहिणीस परत आणीन, असे वचन त्याने आईस दिले होते. युद्धात तो मरण पावला. तरीही वचनासाठी कबरीतून उठला आणि बहिणीस घोड्यावर बसवून आईच्या दारी पोहोचविले. दिलेल्या शब्दास अल्बेनियन भाषेत ‘बेसा’ म्हणतात. प्राण गेला तरी बेसा मोडू नये, हा त्यांचा धर्मच.

१९६७ साली अल्बेनियातील कम्युनिस्ट राजवटीने सर्व मंदिरे व मशिदी बंद केल्या. १९९० पर्यंत त्या भूमीवर प्रभूचे नाव उघडपणे घेणे हा अपराध होता. त्या वर्षांत प्रभू उठल्याचा घोष त्याच मायबोलीत समुद्रापलीकडे, या निर्वासितांच्या वंशजांच्या मुखी जिवंत राहिला. आपल्या भारतभूमीस लाभलेल्या संत मदर तेरेसा याही १९१० साली अल्बेनियन कॅथोलिक कुटुंबातच जन्मल्या होत्या.

आज मात्र संकट निराळे आहे. या गावांतील तरुण नोकरीसाठी शहरांत जात आहेत आणि युनेस्कोने त्यांच्या बोलीस धोक्यातील भाषांत गणले आहे. शस्त्रांनी जे साधले नाही, ते विस्मरण साधू शकते.

प्रिय वाचकहो, मातृभूमीपासून दूर, परभाषेच्या शेजारी राहून मराठीत प्रार्थना करणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. श्रद्धा व मायबोली ग्रंथात बांधून ठेवल्याने टिकत नाहीत; एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यानेच टिकतात. आज संध्याकाळी कुटुंबाच्या रोझरीच्या वेळी एखादा गूढक्षण घरातील धाकट्या लेकरास सांगू द्या. रुमालाचे एक टोक त्याच्या हाती जाईल.