औंधचे अप्पासाहेब

परराष्ट्र खात्यात आयुष्य वेचलेल्या माणसाचे नाव तो पदावर असेतोवर वृत्तपत्रांत येत राहते, आणि निवृत्तीनंतर हळूहळू दिसेनासे होते. सेनानीचा पुतळा उभा राहतो, मंत्र्याच्या नावाचा रस्ता होतो. राजदूताच्या वाट्याला यांपैकी सहसा काही येत नाही. १९९२ साली निवर्तलेले अप्पासाहेब पंत हे मराठी वाचकांच्या स्मरणातून असेच निसटत चालले आहेत. गोमंतकीयांनी तरी त्यांना विसरू नये, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

अप्पासाहेब हे औंधचे राजपुत्र. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे ते चिरंजीव. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतलेल्या या तरुणापुढे सुखासीन जीवनाची वाट मोकळी होती. त्याने उलट वडिलांच्या सत्तात्यागालाच हातभार लावला! सातारा ते विजापूर अशा विखुरलेल्या अवघ्या बहात्तर गावांच्या या संस्थानात १९३९ साली लोकप्रतिनिधींच्या हाती कारभार सोपविणारी घटना अमलात आली. तिच्या घडणीत गांधीजींनी स्वतः लक्ष घातले होते, आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर अप्पासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून राबला होता. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवणारी आटपाडीनजीकची स्वतंत्रपूरची वसाहत ही त्याच काळातली. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' पाहून डोळे पुसणाऱ्या किती जणांना त्या कथेचे मूळ ठाऊक असते, कोण जाणे.

१९४८ साली औंध विलीन झाले, आणि त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थानचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीस धाडले. तेथे काम अवघड होते. हिंदी व्यापारी व कारकून हा समाज गोऱ्यांच्या खाली पण आफ्रिकनांच्या वर अशा मधल्या पायरीवर बसलेला, आणि त्या पायरीवर रुळलेला. ज्या भूमीत राहता तिच्या पुत्रांशी एकरूप व्हा, त्यांच्यापेक्षा जास्त हक्क मागू नका, हे नेहरूंचे सांगणे या समाजाच्या गळी उतरविणे हे पंतांचे काम. ते सर्वांना रुचले नाही, यात नवल नाही.

आमचे गोमंतकीय बांधव तर कागदोपत्री त्यांच्या कक्षेतही येत नव्हते. ते पोर्तुगीज प्रजाजन. त्यांचा वाली पोर्तुगीज वकील. त्यांतले बरेच जण स्वतःस हिंदी म्हणवून घेण्यासही तयार नसत. पण त्याच नैरोबीत पियो गामा पिंटो हा गोमंतकीय तरुण गोव्यातील पोर्तुगीजविरोधी चळवळीत पडून, अटक टाळण्यासाठी १९४९ साली परतला होता आणि आफ्रिकन राष्ट्रवाद्यांत मिसळून गेला होता. १९५४ मध्ये त्याला स्थानबद्ध करण्यात आले, तो १९५९ मध्येच मोकळा झाला. स्वतंत्र केनियात १९६५ साली त्याचा खून झाला. एक औंधचा, एक गोव्याचा; दोघांनीही आपापल्या जमातीचा सोईस्कर अलिप्तपणा झुगारला.

ऑक्टोबर १९५२ मध्ये केनियात आणीबाणी जाहीर झाली, जोमो केन्याटा पकडले गेले, आणि त्यांच्या बचावासाठी दिल्लीहून दिवाण चमनलाल धावले. आफ्रिकन पुढाऱ्यांशी पंतांचा उघड स्नेह ब्रिटिशांच्या डोळ्यांत सलत होताच. त्यांनी दिल्लीकडे तक्रारी लावल्या, आणि १९५४ मध्ये पंतांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री दिली! वकिलाने यजमान सरकारचा मान राखावा, हा संकेत आम्ही जाणतो. पण यजमान कोण? गव्हर्नर, की ज्यांचा तो देश होता ते? पंतांनी दुसरे उत्तर दिले, आणि १९६३ च्या डिसेंबरात केनियाने ते खरे केले.

गंगटोकची कहाणी मात्र इतकी सुखान्त नाही. १९५५ पासून सिक्कीमचे पोलिटिकल ऑफिसर म्हणून भूतान आणि तिबेटातील आपल्या कचेऱ्याही त्यांच्याच देखरेखीखाली होत्या. बुद्धजयंतीच्या निमित्ताने १९५६ अखेर तरुण दलाई लामा सिक्कीममार्गे भारतात आले. त्यांना परत जावयाचे नव्हते. नेहरूंनी त्यांची समजूत घातली. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते गंगटोकहून पुन्हा तिबेटकडे निघाले, तेव्हा त्यांचा पाहुणचार व पाठवणी पंतांकडेच होती. पुढच्या वर्षी नेहरूंना घेऊन ते चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना ल्हासा सोडावेच लागले. या वेळी वाट सिक्कीमची नव्हती, तवांगची होती.

येथे आमचा पंतांशी किंचित मतभेद आहे. तिबेटी धर्म, लामा, ध्यान यांविषयी त्यांनी पुढे जिव्हाळ्याने लिहिले. पण ज्या धोरणाची अंमलबजावणी त्यांच्या हातून झाली, त्याचा रोखठोक हिशेब त्यांच्याकडून अधिक अपेक्षित होता. मनाने तिबेटचा आणि पदाने दिल्लीचा, ही ओढाताण सोसलेल्या माणसालाच तो मांडता आला असता. अध्यात्माकडे झुकलेल्या मनाला असे हिशेब नकोसे वाटत असावेत.

पुढे जाकार्ता, ऑस्लो, कैरो अशा नेमणुका झाल्या. १९६७ च्या जूनमधील युद्धाच्या वेळी ते कैरोतच होते. लंडनला हायकमिशनर असताना बांगलादेशचे युद्ध झाले, आणि पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले शेख मुजीब जानेवारी १९७२ मध्ये प्रथम उतरले ते लंडनलाच. रोमनंतर १९७५ मध्ये त्यांची वकिली संपली.

निवृत्तीनंतर ते इंग्रजीत लिहीत राहिले. आठवणी, आणि १९८९ साली औंधच्या प्रयोगावर, गांधीजींवर व आपल्या वडिलांवर एक ग्रंथ. नैरोबी, गंगटोक, लंडन सारे पाहून झाल्यावरही सत्तराव्या वर्षांनंतर त्यांना लिहावेसे वाटले ते त्या बहात्तर गावांविषयी.