उलट्या रक्ताचं दुखणं

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत मुलाला व्हेरिकोसील निघालं. ऑपरेशन केलं नाही तर पुढे तो बाप होऊ शकणार नाही का, असं एका वाचकांनी काळजीने विचारलं आहे. भरतीचे निकष वेगळे आणि प्रकृतीचे वेगळे. म्हणून आधी दुखणं समजून घेऊ.

शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असतं, आणि तेही बहुधा डावीकडे. उजव्या वृषणाची शीर थेट महाशिरेला तिरकी मिळते. डावी जास्त लांब, आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळणारी. झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त उलटं खाली येतं, शिरांचं जाळं फुगतं (हेच व्हेरिकोसील) आणि शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहायला हवा तो वृषण तापतो. शुक्राणूंना ही ऊब मानवत नाही.

पूर्वी सर्जन अंडकोशातल्या फुगलेल्या शिराच कापून काढत. अर्जेंटिनाच्या ऑस्कर इवानिसेविच यांनी मात्र उलट्या प्रवाहावर बोट ठेवलं आणि जांघेत, वरच्या बाजूला शीर बांधली. रस्त्यावरचं पाणी उपसत बसण्यापेक्षा वरची चावी बंद केलेली बरी! १९६० मध्ये त्यांनी ४२ वर्षांतल्या ४,४७० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. केवढी ही चिकाटी! त्याआधीच, १९४९ मध्ये, पालोमो या सर्जननी आणखी वर जाऊन शिरेबरोबर धमनीही बांधली. तरी वृषण जगतो, कारण त्याला आणखी दोन धमन्यांचं रक्त मिळतं. पण लसवाहिन्याही बांधल्या जात असल्याने काहींना हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचणं, होई. आता मायक्रोस्कोपखाली धमनी आणि लसवाहिन्या राखून फक्त शिरा बांधतात.

शस्त्रक्रिया इतकी सुबक झाली म्हणून ती सर्वांनी करून घ्यावी, असं नाही. व्हेरिकोसील असलेले बहुतेक पुरुष बाप होतात. ‘आत्ताच करा, नाहीतर वंध्यत्व’ ही जाहिरातबाजी मुलांना नाहक घाबरवते. किशोरवयात डावा वृषण उजव्यापेक्षा वीस टक्क्यांहून लहान असेल आणि पुन्हापुन्हा मोजूनही मागेच राहत असेल, किंवा दुखणं थांबत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. प्रौढांत हाताला लागणारं व्हेरिकोसील, वीर्यतपासणीत दोष आणि मूल होण्यात अडचण, हे तिन्ही जुळावं लागतं. शुक्राणू घडायला अडीच महिने लागतात. त्यामुळे गुण आला की नाही, ते तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत कळतं.

तेव्हा मुलाला युरॉलॉजिस्टकडे न्या, दोन्ही वृषणांचं माप घ्या. माप सारखं असेल आणि त्रास नसेल, तर त्याच्या प्रकृतीसाठी वर्षाकाठी एक तपासणी पुरे.